सगळ्यांचं तारण होणार असेल तर जुलमी सत्तेपुढे उभं का राहायचं?

क्वार्टरगेट | रविवार, दुपारी ३:१०

आज उपदेश ऐकून घरी आले तेव्हापासून अस्वस्थ आहे म्हणून लिहितेय, लांबेल, सांभाळून घ्या.

आज आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) बायबलमधल्या रोमकरांस १३ वर उपदेश होता. "प्रत्येक जणाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे." पाळकसाहेब चाळीस मिनिटं तेच सांगत होते की सत्ता देवाने नेमलेली असते, आपण मूठभर आहोत, गप्प राहा, प्रार्थना करा, आपलं खरं घर वर आहे. माणूस चांगला आहे, घाबरून बोलला हे मला कळतं, त्याच्यावर राग नाही. पण देवळात बसलेल्या निम्म्या लोकांना माहीत होतं की तीन आठवड्यांपूर्वी काय झालंय, आणि त्यावर एक शब्द नाही.

झालं असं की माझ्या मावशीकडे दर गुरुवारी घरगुती प्रार्थना असते. दोन खोल्या, अकरा माणसं, एक पेटी, एक डफ. त्या गुरुवारी पंधरावीस पोरं आत शिरली, "इथे धर्मांतर चाललंय" म्हणत मोबाईलवर शूटिंग करायला लागली. त्यातल्या एका विशीतल्या पोराने पेटी उचलली आणि उंबऱ्यावर आपटली. भाता फाटला. तीन काळ्या पट्ट्या उडून ओट्याखाली गेल्या. सगळे गेल्यावर माझी आई जमिनीवर ओणवी झाली आणि हाताने चाचपडत त्या पट्ट्या शोधून काढल्या, रुमालात बांधल्या. तो रुमाल अजून आमच्या फ्रीजवर आहे. चौकीत नेलं ते आम्हालाच, आणि म्हणाले की घरात अशी प्रार्थना परत घेणार नाही असं लिहून द्या.

त्या रात्री जेवायच्या आधी आईने प्रार्थना केली त्यात ती म्हणाली, "प्रभू, तो पांढऱ्या टीशर्टवाला पोरगा, त्याला सांभाळ, त्याला वाया जाऊ देऊ नको." माझा भाऊ ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी तक्रार द्यायला जायचं ठरलं तेव्हा निम्मे लोक कचरले आणि पहिली सही केली आईनेच! भाऊ तिला म्हणाला, आई एक काय ते ठरव, त्याच्यासाठी प्रार्थना करायची तर तक्रार कशाला, आणि तक्रार करायची तर प्रार्थना कशाला. आई म्हणाली दोन्ही त्याच्यासाठीच आहे.

मी तेव्हापासून त्या एका वाक्याशी झगडतेय.

आता दुसरी गोष्ट, ती याच्याशी जोडलेली आहे. माझ्या आजीचा थोरला भाऊ बाप्तिस्मा न घेता गेला. खडकीच्या फॅक्टरीत होता, आजीची फी त्याने भरली, आणि दरवर्षी आळंदीला चालत जायचा. तो गेला तेव्हा बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने आजीला तोंडावर सांगितलं की तुझा भाऊ अग्नीत आहे आणि कायमचा आहे. आजी त्यावर कधी भांडली नाही. पण तिचं पवित्र शास्त्र आता आईकडे आहे आणि त्यात पेन्सिलीने फक्त एकच शब्द अधोरेखित केलाय, "सर्व". आदामामध्ये जसे सर्व मरतात तसे ख्रिस्तामध्ये सर्व जिवंत होतील, तिथला दुसरा सर्व. देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडलं ते सर्वांवर दया करायला, तिथला सर्व. कलस्सैकरांस १:२० मध्ये सगळ्याचा समेट, तिथे इतक्या जोरात रेघ मारलीय की कागद फाटलाय. तिने कुठलं धर्मशास्त्र शिकलं नव्हतं, सातवी पास बाई.

माझं म्हणणं असं की हे दोन विषय वेगळे नाहीतच. जुलमी सत्तेचं पहिलं काम यादी करणं, हे आपले आणि हे आपले नाहीत, आणि जे आपले नाहीत त्यांचं काही झालं तरी आपली झोप मोडायला नको. आणि ज्या विश्वासाने लहानपणापासून आपल्याला शिकवलं की देवाकडेही अशीच यादी आहे आणि ती कधीच बदलणार नाही, त्या विश्वासाला सत्तेची यादी बघून धक्का बसेल कसा? सवय झालेली असते. उलट ज्याचा मनापासून विश्वास आहे की देव एकालाही सोडून देणार नाही, त्याला कुणी सांगितलं की ही चार माणसं टाकून द्या तर तो ऐकूच शकत नाही.

हे मी हवेत बोलत नाहीये. जर्मनीत क्रिस्टोफ ब्लूमहार्ट म्हणून पाळक होता, सगळ्यांच्या तारणाची आशा उघड सांगणारा. १८९९ मध्ये तो कामगारांच्या बाजूने सोशल डेमोक्रॅट पक्षात गेला, चर्चने पाळकपद सोडायला लावलं, आणि १९०० ते १९०६ तो व्युर्टेंबर्गच्या विधिमंडळात बसला. त्याचा प्रभाव कार्ल बार्थ या स्विस धर्मशास्त्रज्ञावर पडला. आणि १९३४ च्या मे महिन्यात हिटलरच्या गोटातल्या चर्चविरुद्ध बार्मेनचा जाहीरनामा निघाला तो मुख्यतः बार्थने लिहिलेला. बार्थने हिटलरच्या निष्ठेची शपथ बिनशर्त घ्यायला नकार दिला आणि १९३५ मध्ये त्याला जर्मनी सोडून बाझेलला जावं लागलं. ख्रिस्तात देवाने सगळ्या माणसांना निवडलंय असं मांडणारा माणूस तोच.

तुम्हाला काय वाटतं ते खरंच जाणून घ्यायचंय. ख्रिस्ती नसाल तरी लिहा.

बिबवेवाडी | रविवार, संध्याकाळी ५:०२

ताई, आधी तुमच्या मावशीकडे जे झालं त्याबद्दल फार वाईट वाटलं. आमच्या मंडळीत आज रात्री तुमच्यासाठी प्रार्थना होईल.

पण शिकवणीच्या बाबतीत मला बोललंच पाहिजे, मी सेमिनरीत शिकलोय आणि हे हलकं घेण्यासारखं नाही. मत्तय २५:४६ मध्ये प्रभू स्वतः म्हणतो की ते सार्वकालिक शिक्षा भोगायला जातील आणि नीतिमान सार्वकालिक जीवनात जातील. एकाच वाक्यात एकच शब्द दोनदा आलाय. शिक्षा संपणारी मानली तर जीवनही संपणारं मानावं लागेल, हा मुद्दा संत ऑगस्टिनने सोळाशे वर्षांपूर्वीच मांडलाय आणि मला अजून त्याला पटणारं उत्तर मिळालेलं नाही. दुसरं म्हणजे शेवटी सगळे तरतील ही तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या धर्मशास्त्रज्ञाची शिकवण ५५३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत धिक्कारली गेली. आणि तिसरं, सगळे तरणारच असतील तर सुवार्ता सांगायची कशासाठी, माझे आजोबा नगर जिल्ह्यात गावोगाव सायकलवर फिरले ते कशासाठी?

राहता राहिला नरक आणि हुकूमशाहीचा संबंध. मला तर उलट दिसतं. न्यायाचा दिवस आहे म्हणूनच राजाला भीती आहे. शेवटी सगळं माफच होणार असेल तर जुलमी माणसाला थांबवणार कोण?

इंद्रायणीकाठ | रविवार, संध्याकाळी ५:४०

मी माळकरी आहे, तुमच्या ग्रंथातलं मला फार कळत नाही, पण तुमच्या आजीचा भाऊ आळंदीला चालत यायचा हे वाचून लिहावंसं वाटलं.

माउलींनी पसायदानात काय मागितलंय बघा. "जे खळांची व्यंकटी सांडो, तया सत्कर्मी रती वाढो." खळांचा नाश होवो असं नाही म्हणाले, त्यांचा वाकडेपणा गळून पडो म्हणाले. आणि हे कोण म्हणतंय, तर ज्याला संन्याशाचं पोर म्हणून वाळीत टाकलं, ज्याच्या आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो, तो. माझ्या मते तुमच्या आईची ती जेवणाआधीची प्रार्थना आणि ही ओवी एकच आहे. आणि वाकडेपणा आपोआप सांडत नाही हो, सोनार तार सरळ करतो तेव्हा तापवतो, ओढतो.

क्वार्टरगेट | रविवार, रात्री ९:१५

इंद्रायणीकाठ, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, पण परत वाच म्हणाली.

बिबवेवाडी, तुमचे प्रश्न टाळणार नाही. आधी ५५३. तिथे काय चाललं होतं ते बघा. सम्राट जस्टिनियन. ५४३ मध्ये ओरिजेनविरुद्ध फर्मान काढलं ते सम्राटाने, चर्चने मागाहून. त्याच सम्राटाने रोमच्या पोप व्हिजिलियसला वेगळ्या एका वादात आपल्याला हवी तशी सही द्यावी म्हणून धरून राजधानीत आणवलं होतं, आणि त्याला ओढून न्यायला शिपाई देवळात घुसले तेव्हा पोप वेदीच्या खांबांना मिठी मारून बसला, वेदी कोसळायच्या बेतात आली. आणि ओरिजेनविरुद्धची ती पंधरा कलमं परिषदेने रीतसर मंजूर केली का यावरच अभ्यासकांचं एकमत नाही. ओरिजेन तोपर्यंत तीनशे वर्षांपूर्वी गेलेला, आणि तो काय आरामात मेला नव्हता, सम्राट डेशियसच्या छळात साधारण २५० साली त्याला तुरुंगात टाकून हालहाल केले, त्यातूनच पुढे वारला. म्हणजे एका सम्राटाने त्याचं शरीर मोडलं आणि दुसऱ्याने त्याची आशा. आणि चौथ्या शतकातला बिशप, निस्साचा ग्रेगरी, सगळ्यांच्या तारणाबद्दल जवळपास तेच सांगतो, त्याचा कुणी धिक्कार केला नाही, तो आजही संत आहे.

"सार्वकालिक"बद्दल. ग्रीक शब्द आयोनियोस, आयोन म्हणजे युग. ज्यांची मातृभाषाच ग्रीक होती त्या ग्रेगरीला त्यात "कधीच न संपणारं" असं ऐकू आलं नाही, आणि ऑगस्टिनचं ग्रीक कच्चं होतं हे त्याने स्वतःच कबूल केलंय. जीवन संपत नाही ते ख्रिस्त मरत नाही म्हणून, एका विशेषणाच्या जोरावर नाही. तरीही मी मान्य करते की ते वचन जड आहे. मी ते पुसून टाकत नाही. मी ते पहिले करिंथकरांस १५:२८ शेजारी ठेवते जिथे शेवटी देव सर्वांत सर्व काही होतो, आणि विचारते की ज्या विश्वात एक कोपरा कायमचा पेटता आहे तिथे देव सर्वांत सर्व काही कसा होईल.

तुमच्या आजोबांच्या सायकलीबद्दल मला आदर आहे, खरंच. पण ते लोकांना आगीची भीती घालायला गेले होते का, का ज्यांना गावात कुणी शिवत नव्हतं त्यांना "देवाला तू हवायस" हे सांगायला गेले होते? तुम्हालाच माहीत.

सदाशिवपेठी | रविवार, रात्री ११:३०

मी देव मानत नाही. तरी धागा पूर्ण वाचला.

एक आठवलं. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा प्यायले म्हणून टिळक, रानडे, गोखले वगैरे मंडळींवर ग्रामण्य (जातीचा बहिष्कार) आलं होतं, चौकशी बसली, रानड्यांसारख्या माणसाने शेवटी प्रायश्चित्त घेतलं. एक कप चहा! कोण कुणाबरोबर बसून काय पितो यावरच सगळी सत्ता उभी असते, धर्माची काय आणि राज्याची काय. त्यामुळे शेवटी सगळे एका पंगतीला बसणार ही कल्पना सत्तेला नकोशी असणार हे मला नास्तिक म्हणूनही कळतं.

पण प्रश्न असा की बार्मेनचा जाहीरनामा एवढा थोर, तर त्यात ज्यूंबद्दल काय आहे? माझ्या माहितीप्रमाणे एक अक्षर नाही. चर्चवर आलं तेव्हा चर्च बोललं.

क्वार्टरगेट | सोमवार, सकाळी ७:५०

बरोबर आहे तुमचं, नाहीये. सहा कलमं आहेत आणि ज्यूंचा उल्लेख एकातही नाही. बार्थने पुढे १९६७ मध्ये पत्रात लिहिलं की हा मुद्दा तेव्हा मी ठामपणे पुढे केला नाही हा माझा दोष. बाकीच्यांचं तर बोलायलाच नको, १९३३ च्या जुलैमध्ये चर्चच्या निवडणुका झाल्या त्यात हिटलरधार्जिणे "जर्मन ख्रिस्ती" जिंकले होते, चर्चमधल्याच लोकांच्या मतांनी. बोनहॉफर या जर्मन पाळकाने एप्रिल १९३३ मध्येच लिहिलं होतं की चाकाखाली आलेल्यांना मलमपट्टी करणं पुरेसं नाही, वेळ आली तर चाकातच आडवं घुसावं लागतं. त्याला ९ एप्रिल १९४५ ला फ्लॉसेनबुर्गच्या छावणीत फाशी दिलं. असे मोजकेच. म्हणून तर मला आमच्या पाळकसाहेबांचा उपदेश खुपला.

जुना_विद्यार्थी_१९७५ | सोमवार, सकाळी १०:२०

मी आता सत्तरी ओलांडली आहे, टाईप करायला वेळ लागतो.

आणीबाणीत मी बावीस वर्षांचा होतो, वडील आमच्या देवळाचे शिपाई, घंटा वाजवणं, बाकं पुसणं, सगळं तेच. आमच्या मंडळीत तेव्हा आभारप्रार्थना व्हायची की देशात शिस्त आली, गाड्या वेळेवर धावायला लागल्या. शेजारी एक समाजवादी मास्तर होते, त्यांना रात्री उचलून येरवड्यात नेलं. येरवड्यात तेव्हा समाजवादी काय संघवाले काय, सगळे एका छपराखाली होते. मास्तरांच्या घराकडे गल्लीतलं कुणी फिरकेना. माझे वडील दर रविवारी उपासना संपली की प्रभुभोजनाची भांडी धुवून ठेवायचे आणि मग देवळाचे कपडे न बदलता, पांढऱ्या झग्यातच, मास्तरांच्या बायकोला डबा द्यायला जायचे. पाळक त्यांना बोलले की झगा तरी काढून जा, मंडळीवर येईल. वडील म्हणाले, झगा घालूनच जायला पाहिजे. मला त्या वेळी त्यांची लाज वाटली होती हे आज लिहून टाकतो.

सगळेच गप्प नव्हते. केरळात मार्थोमा चर्चचे प्रमुख युहानोन मार्थोमा यांनी इंदिरा गांधींना विरोधाचं पत्र लिहिलं. धर्मशास्त्रज्ञ एम. एम. थॉमस मद्रासच्या गार्डियन साप्ताहिकात लिहीत राहिले. आपल्याकडे कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी व्यासपीठावरून जयप्रकाशजींच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली, तीही प्रार्थनाच होती, आणि सरकारला ती झोंबली. प्रार्थना म्हणजे गप्प बसणं असं ज्यांना वाटतं त्यांनी कऱ्हाड आठवावं.

तारण सगळ्यांचं की थोड्यांचं हे मला सांगता येणार नाही. मास्तर देव मानत नव्हते. वडील त्यांचं नाव शेवटपर्यंत प्रार्थनेत घ्यायचे.

वसईचा | सोमवार, दुपारी १:०५

वरची पोस्ट वाचून गलबललो.

आम्ही कॅथलिक. फादर दिब्रिटो आमच्याच भागातले, हरित वसईच्या चळवळीत भूमाफियांविरुद्ध उभे राहिले, २०२० मध्ये धाराशिवच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा फक्त धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला, धमक्या आल्या. आणि पुण्यात बसून या विषयावर बोलताना आदिवासींसाठी काम करणाऱ्या फादर स्टॅन स्वामींचं नाव न घेणं मला जमणार नाही. शनिवारवाड्यावर ३१ डिसेंबर २०१७ ला एल्गार परिषद झाली, त्यावरून केस इथे पुण्यात सुरू झाली. ८ ऑक्टोबर २०२० ला त्यांना रांचीत अटक झाली. वय ८३, पार्किन्सन्स, हात इतके थरथरायचे की पाणी प्यायला स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. आरोप त्यांनी शेवटपर्यंत नाकारले, खटला उभा राहायच्या आधीच ५ जुलै २०२१ ला ते गेले. त्या स्ट्रॉचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

पण ताई, मला तुमचं सगळं तितकंसं सहज पटत नाही. कॅथलिक चर्च सांगतं की सगळ्यांसाठी आशा धरायची, खात्री देता येत नाही. माणसाला नाही म्हणायचा हक्क आहे, देवालाही तो हिरावून घेता येत नाही. नाहीतर तोच हुकूमशहा झाला ना!

चिंचेचा_बुंधा | सोमवार, रात्री ८:४५

इतका वेळ नुसती वाचत होते. आता बोलते.

मी मूळची नगर जिल्ह्यातली, चौथ्या पिढीची ख्रिस्ती, पणजोबा गावकुसाबाहेरचे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, आम्ही अजून बाहेर. सरकार म्हणतं तुम्ही ख्रिस्ती झालात म्हणजे जात गेली. गावात विचारा गेली का. म्हणजे याद्या काय असतात ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

माझ्या आजोबांना पाटलाच्या वाड्यात चिंचेला बांधून मारलं होतं, विहिरीवर गेले म्हणून. पाठीवरचे वळ मी लहानपणी बघितलेत, बोट फिरवून. आता मला सांगा, सगळ्यांचं तारण म्हणजे तो पाटील आणि माझे आजोबा एका ताटात? आणि माझ्या आजोबांना कुणी विचारणार का नाही? ताई तुमची आई मोठ्या मनाची आहे, पण मोठं मन नेहमी मार खाणाऱ्यानेच दाखवायचं हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या केलंय. मला नरक आवडतो असं नाही. पण मला हिशोब हवा. आधी हिशोब.

क्वार्टरगेट | मंगळवार, पहाटे ५:३०

चिंचेचा बुंधा, रात्रभर झोप नाही. तुमच्यापुढे मी जे काही लिहीन ते जपूनच लिहिलं पाहिजे, कारण माझ्या कुटुंबाची पेटी फुटली, पाठ नाही.

मी हिशोबाशिवायचं तारण मागत नाहीये. तसलं असेल तर मलाही नको. ग्रेगरीची बहीण मॅक्रीना मरणशय्येवर होती तेव्हाचा दोघांचा संवाद त्याने लिहून ठेवलाय, त्यात एक उपमा आहे. चिखल वाळून कडक झालेला दोर लहानशा भोकातून ओढला तर काय होतं. चिखल खरवडून निघतो, आणि दोराला ताण सोसावा लागतो. जेवढा चिखल तेवढा ताण. माझ्या मनात न्यायाचा दिवस तसा आहे. त्या पाटलाला तुमच्या आजोबांच्या पाठीवर तुम्ही फिरवलं तसं बोट फिरवावं लागेल, एकेका वळावरून, आणि तो वळ आपल्या हाताचा आहे हे पूर्ण, पळवाट न काढता कळावं लागेल. अनंतकाळ जळणाऱ्या माणसाला हे कळायची गरजच नसते, तो फक्त जळतो. कायमच्या नरकात पाटील पाटीलच राहतो. मला तो बदललेला हवाय.

आणि आजोबांना विचारलं जाईल का? माझा विश्वास आहे की त्यांच्या परवानगीशिवाय पाटील त्या ताटाजवळ येणार नाही. हे वचन दाखवून सिद्ध करता येणार नाही मला. पण उठलेल्या ख्रिस्ताच्या हातावर खिळ्यांचे व्रण तसेच होते, देवाने ते पुसले नाहीत, म्हणजे वळ विसरले जाणार नाहीत एवढं नक्की.

वसईचा, तुम्ही म्हणता तो हक्क मलाही मान्य आहे. देव कुणाला फरफटत आणणार नाही. पण प्रकटीकरणात शेवटच्या नगराच्या वेशी कधीच बंद होत नाहीत असं लिहिलंय, २१:२५. वेस उघडी ठेवून वाट बघत बसणारा हुकूमशहा मी ऐकला नाही. हुकूमशहा वेशी बंद करतो.

आणि बिबवेवाडी, "थांबवणार कोण" असं विचारलंत ना. आपण. मरणानंतरच्या आगीवर सोपवून आपण सुटतो असं मला वाटायला लागलंय. तो पोरगा नरकात जाणारच आहे असं मानलं की मग एफआयआरचीही गरज उरत नाही आणि त्याच्याशी बोलायचीही. आईला दोन्ही करावं लागलं कारण तिने त्याला सोडलेलं नाही.

पंडिता रमाबाईंचंच बघा. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या इस्पितळात बायकांना कसं वागवतात ते त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिलं. राज्य ख्रिस्ती लोकांचं, बाई स्वतः ख्रिस्ती, मुलींचा आश्रम सरकारच्या मर्जीवर. तरी लिहिलं. आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात देवाचा दरबार काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. आजीच्या भावाला तिथे बसता आलं असतं. हे सगळं बाहेरून आलेलं नाही, इथेच होतं, आपल्याच लोकांनी केलेलं.

शिवाजीनगर_कोर्ट | मंगळवार, दुपारी १२:१५

धर्मशास्त्रात माझा अधिकार नाही, वकिली करते म्हणून कामाचं तेवढं सांगते.

"लिहून द्या" म्हणाले ते देऊ नका, दिलं असेल तर दबावाखाली दिलं असं लेखी कळवा. घरात प्रार्थना करायला परवानगी लागत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०० म्हणजे धार्मिक सभेत व्यत्यय, ३२९ म्हणजे घरात बेकायदा घुसणं, शिवाय नुकसान वेगळं. हे दखलपात्र आहे, त्यामुळे एनसी (अदखलपात्र नोंद) घेऊन बोळवण करू देऊ नका. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात सांगितलंय की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर घ्यावीच लागते. नाही घेतली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली वरिष्ठांना पोस्टाने पाठवा, त्यानेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट. त्यांच्या व्हिडिओची लिंक सेव्ह करून ठेवा, तोच तुमचा पुरावा. आणि पेटीचे तुकडे आहेत तसे ठेवा, फेकू नका, पंचनामा होईपर्यंत दुरुस्तही करू नका.

बिबवेवाडी | मंगळवार, रात्री १०:०५

ताई, मी अजून सहमत नाही. मत्तय २५ पाशी मी थांबलोय आणि तिथून पुढे मला पाऊल टाकता येत नाही, उद्या मला कुणी विचारलं तर मी तेच शिकवीन जे आजवर शिकवलं.

पण आजोबांबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून वडिलांना फोन केला. वडील म्हणाले, आजोबांचा एक उपदेश त्यांना तोंडपाठ आहे, हरवलेल्या मेंढराचा. नव्व्याण्णव आत आणि एक बाहेर. आजोबा तिथे थांबून विचारायचे, मेंढपाळ घरी कधी जातो? आणि गावकरी सांगायचे, सापडेपर्यंत जात नाही. लूक १५:४ मध्ये खरंच तसंच आहे, "ते सापडेपर्यंत". मी दहा वर्षं हा उतारा शिकवतोय आणि त्या शब्दापाशी कधी थांबलो नाही.

तक्रारीच्या वेळी सोबत पाळक कुणी हवा असेल तर मी येतो. कॉलर घालून येतो.

चिंचेचा_बुंधा | बुधवार, सकाळी ६:४०

ताई, "बोट फिरवावं लागेल" हे वाचून रडले. पटलं असं म्हणत नाही. बोट फिरवताना आजोबा त्याच्याकडे बघत असतील, एवढं मात्र पाहिजे मला.

गुरुवारी तुमच्या मावशीकडे जागा असेल का? मला डफ येतो.

क्वार्टरगेट | बुधवार, रात्री ९:५०

सगळ्यांना एकत्रच कळवते.

आज एफआयआर झाली. साडेचार तास लागले. बिबवेवाडी कॉलर घालून आले आणि पूर्ण वेळ बाकावर आईशेजारी बसून होते, शिवाजीनगर_कोर्ट यांनी सांगितलेली कलमं कागदावर लिहून नेली होती ती फार उपयोगी पडली. आमचे पाळकसाहेबही आले, मी बोलावलं नव्हतं. आत आले नाहीत, गेटपाशी उभे होते. बाहेर आल्यावर त्यांनी आईला चहा घेऊन दिला आणि म्हणाले, रविवारी प्रेषितांची कृत्ये ५:२९ घेतो, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे ते.

पंचनामा झाला, त्यामुळे आता पेटी दुरुस्तीला टाकता येईल. भाता बदलावा लागेल, एक सूर मिळणार नाही म्हणाला दुरुस्तीवाला, आईने रुमाल सोडून पट्ट्या त्याच्या हातात मोजून दिल्या.

त्या पोराचं नाव आता कागदावर आहे. आई आज जेवणाआधी त्याचं नाव घेऊन बोलली. भाऊ ताटावर बसून राहिला, आमेन म्हणाला नाही, पण बसून राहिला.

चिंचेचा बुंधा, उद्या साडेसातला. पत्ता मेसेज करते. डफ आहे, पेटी नसेल, तेव्हा सूर तुम्हालाच धरावा लागेल.